आइस हॉकीतील मारामारी आणि खेळाडूंचे मानसिक आरोग्य

हिमरेषा यांचा प्रश्न:

नमस्कार. आम्ही ऑन्टारियोत राहतो. माझा बारा वर्षांचा मुलगा इथल्या बहुतेक मुलांसारखा आइस हॉकी खेळतो, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मॉन्ट्रियलला झालेल्या कॅनडा-अमेरिका सामन्यापासून खेळातली मारामारी हा त्याच्या सततच्या कुतूहलाचा विषय झाला आहे. त्या सामन्यात पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. पक (खेळातली रबरी चकती) बर्फावर पडतो न पडतो तोच खेळाडूंनी हातमोजे टाकले, एकमेकांच्या जर्सी धरल्या आणि मोकळ्या मुठींनी तोंडावर प्रहार सुरू केले, आणि हजारो प्रेक्षक उभे राहून त्यांना दाद देत होते. माझ्या वडिलांनी पुण्यात मोबाइलवर ती चित्रफीत पाहिली आणि मला फोन करून विचारले की पंच मध्ये का पडत नाहीत. आयुष्यभर मैदानी हॉकी पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे, कारण तिथे प्रतिस्पर्ध्याला नुसते ढकलले तरी पंचाचा हात कार्डाकडे जातो. मला त्यांना उत्तर देता आले नाही.

त्यानंतर मी या विषयावर थोडे वाचले आणि २०११ सालच्या उन्हाळ्यापाशी येऊन थांबले. त्या एका उन्हाळ्यात एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या प्रमुख व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये, मारामारीसाठीच ओळखले जाणारे तीन खेळाडू गेले, आणि तिघांच्याही बाबतीत नैराश्य किंवा व्यसन यांचा उल्लेख येतो. हे वाचल्यापासून मन अस्वस्थ आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. या खेळाडूंच्या मनावर जो परिणाम झाला, तो डोक्याला बसलेल्या ठोशांमुळे झाला, की दर सामन्याला मारामारी करण्याचे काम अंगावर असल्यामुळे झाला? आणि एवढे सगळे घडल्यानंतरही लीगने मारामारी सरळ बंद का केली नाही? मुलाला हॉकीतून काढावे असे माझे मत नाही. त्याला हा खेळ मनापासून आवडतो आणि बर्फावरून उतरताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो तो मला हिरावून घ्यायचा नाही. परंतु तो ज्यांना वीर समजतो त्यांच्याविषयी त्याच्याशी खरे काय ते बोलता यावे, एवढी माझी इच्छा आहे.

अल्बर्टाकर यांचे उत्तर:

हिमरेषाताई, तुमच्या वडिलांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्याचे मूळ तिथेच आहे. एनएचएलच्या नियमांत मारामारी हा गुन्हा आहे, पण तो पाच मिनिटे पेनल्टी बॉक्समध्ये बसून फेडता येणारा गुन्हा आहे. ही पाच मिनिटांची शिक्षा १९२२ पासून चालत आलेली आहे. दोघेही एकाच वेळी आत बसत असल्याने कोणत्याही संघाचा खेळाडू कमी होत नाही, म्हणजे संघाच्या दृष्टीने या शिक्षेची किंमत जवळजवळ शून्य असते. लाइन्समन, म्हणजे सहायक पंच, बाजूला उभे राहतात आणि दोघांपैकी एक खाली पडला किंवा दोघे थकले की मध्ये पडतात. १९९२ मध्ये मारामारी सुरू करणाऱ्याला जादा शिक्षा देणारा नियम आला, परंतु दोघेही राजीखुशीने हातमोजे टाकत असतील तर तो सहसा लागू होत नाही. ऑलिंपिकमध्ये किंवा अमेरिकेतील महाविद्यालयीन हॉकीत हाच प्रकार केला तर खेळाडूला सामन्यातून बाहेर काढले जाते. तेव्हा मारामारी या खेळाच्या स्वभावातच आहे, असे जे म्हटले जाते ते मला पटत नाही. तोच खेळ, तीच स्टिक, तोच बर्फ आणि पुष्कळदा तेच खेळाडू. नियम बदलला की वागणूक बदलते.

या सवलतीतूनच एन्फोर्सर नावाचे काम जन्माला आले. एडमंटनमध्ये वेन ग्रेट्स्कीच्या आसपास डेव्ह सेमेन्को असायचा, आणि ग्रेट्स्की १९८८ मध्ये लॉस एंजेलिसला गेला तेव्हा मार्टी मॅक्सॉर्लीही त्याच व्यवहारात त्याच्याबरोबर गेला. आमच्या खेळाडूला हात लावाल तर या माणसाशी गाठ आहे, एवढाच त्यांच्या असण्याचा अर्थ होता. निदान त्या दोघांना खेळायलाही मिळत असे. पुढे पुढे असे खेळाडू येऊ लागले की ज्यांना सामन्यात चार-पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ बर्फावर पाठवलेच जात नसे, आणि तेवढ्या वेळात त्यांच्याकडून अपेक्षा एकच असे.

डेरेक बूगार्डचे उदाहरण मला सर्वांत जास्त छळते. सस्कॅचवन प्रांतातल्या सॅस्काटून शहरात १९८२ मध्ये जन्मलेला, साडेसहा फुटांहून उंच. त्याचे स्केटिंग आणि पकवरचे नियंत्रण एनएचएलच्या मानाने बेताचेच होते. ज्युनिअर हॉकीत त्याची निवड झाली ती त्याची उंची आणि त्याच्या मुठी पाहून. एनएचएलच्या मिनेसोटा संघाने त्याला २००१ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत सातव्या फेरीत घेतले. एनएचएलमधल्या २७७ सामन्यांत त्याचे गोल तीन आणि पेनल्टीची मिनिटे ५८९. ऑक्टोबर २००६ मध्ये त्याच्या एका ठोशाने टॉड फेडोरुकच्या गालाचे हाड इतके मोडले की शस्त्रक्रिया करून धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. पुढच्याच वर्षी फेडोरुक मिनेसोटाच्या संघात आला आणि ते दोघे एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसू लागले. या दोघांत वैर नव्हते, तो ठोसा दोघांच्याही कामाचा भाग होता, आणि मला वाटते की तुमच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. रागाच्या भरात मारणे वेगळे आणि ज्याच्याविषयी मनात काहीही नाही अशा माणसाला ठरवून, पगारासाठी, तोंडावर मारणे वेगळे. जॉर्ज लराक या नावाजलेल्या एन्फोर्सरच्या अंगावर एका सामन्यात मायक्रोफोन लावलेला होता. समोरच्या रायटिस इव्हानान्सला तो शांतपणे विचारतो की लढायचे का, त्याने होकार देताच त्याला शुभेच्छा देतो, आणि पुढच्या क्षणी दोघे एकमेकांवर तुटून पडतात. लोक ती चित्रफीत खेळातल्या सभ्यतेचा नमुना म्हणून पाहतात. मला ती पाहताना नेहमी त्या आवाजातल्या शांतपणाचे वाईट वाटते. लराकने नंतर उघडपणे सांगितले की त्याला मारामारी कधीच आवडली नाही आणि सामन्याआधीची धास्ती ही प्रत्यक्ष ठोशांपेक्षा वाईट असे.

बूगार्डला २०१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने चार वर्षांसाठी पासष्ट लाख डॉलरचा करार दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ओटावाच्या मॅट कार्कनरशी लढताना त्याच्या डोक्याला मार बसला आणि तो पुन्हा खेळला नाही. १३ मे २०११ रोजी मिनियापोलिसमध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, दारू आणि ऑक्सिकोडोन या वेदनाशामकाच्या एकत्र परिणामाने त्याचा अपघाती मृत्यू झाला. त्या काळात तो व्यसनमुक्तीचे उपचार घेत होता. संघांच्या डॉक्टरांनी त्याला भरमसाठ गोळ्या दिल्या असा आरोप त्याच्या कुटुंबाने न्यायालयात केला. तो दावा २०१७ मध्ये कायदेशीर मुद्द्यांवर फेटाळला गेला, पण लीगने त्याला ज्या रीतीने हाताळले त्याची ही शाबासकी समजू नये, असे न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहून ठेवले आहे.

रिक रिपियन आमच्या अल्बर्टाचा, क्रोज्नेस्ट पासचा. तो उंचीने सहा फुटांच्या आतलाच आणि आपल्यापेक्षा कितीतरी थोराड खेळाडूंशी लढायचा. तो अनेक वर्षे नैराश्याने ग्रस्त होता आणि त्यासाठी व्हँकुव्हर संघाने त्याला दोनदा रजा दिली होती. त्याच्या बाबतीत संघाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल; सहकारी केव्हिन बिएक्साने आणि संघाच्या व्यवस्थापनातल्या लोकांनी त्याला सांभाळण्याची धडपड केली होती. विनिपेगशी नवा करार झाला, नवा हंगाम तोंडावर आला, आणि ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. त्याच महिन्याच्या शेवटच्या दिवशी नुकताच निवृत्त झालेला वेड बेलाक टोरोंटोत मृतावस्थेत आढळला. तो पस्तीस वर्षांचा होता, हसतमुख आणि गप्पिष्ट म्हणून सर्वांना माहीत होता, आणि तोही नैराश्याशी झगडत होता हे नंतर कुटुंबीयांकडून कळले.

आता तुमचा दुसरा प्रश्न. लीगने बंदी का घातली नाही, याचे उत्तर २०१६ मध्ये न्यायालयाने खुल्या केलेल्या ईमेलमध्ये काही अंशी सापडते. बेलाकच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच लीगचे उपायुक्त बिल डेली यांनी सहकाऱ्यांना लिहिले होते की मारामारीमुळे डोक्याच्या दुखापती वाढतात, त्यांतून नैराश्य वाढते आणि त्यातून अशा शोकांतिका वाढतात. म्हणजे ही साखळी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. उघडपणे मात्र आयुक्त गॅरी बेटमन वर्षानुवर्षे सांगत राहिले की असा संबंध सिद्ध झालेला नाही. डोक्याच्या दुखापतींवरून माजी खेळाडूंनी लीगविरुद्ध केलेल्या दाव्यात २०१८ मध्ये तडजोड झाली ती सुमारे एक कोटी नव्वद लाख डॉलरची, तीनशेहून अधिक खेळाडूंमध्ये मिळून, आणि लीगने आपली जबाबदारी मान्य न करता.

निरामय यांचे उत्तर:

मी पुण्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि हॉकीचा जाणकार नाही. तरीही पहिल्या प्रश्नाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण त्यात एक धोका दडलेला आहे.

डोक्याला वारंवार मार बसल्याने होणाऱ्या ज्या आजाराला सीटीई म्हणतात, त्यात टाऊ नावाचे प्रथिन मेंदूत विशिष्ट ठिकाणी साचत जाते. त्याचे निश्चित निदान आजही केवळ मृत्यूनंतर, मेंदूची तपासणी करूनच होते. बॉस्टन विद्यापीठात बूगार्डच्या मेंदूत हा आजार आढळला, आणि अठ्ठाविसाव्या वर्षाच्या मानाने तो पुष्कळ पुढे गेलेला होता. २०१० मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेलेल्या बॉब प्रोबर्ट या एन्फोर्सरच्या मेंदूतही तो आढळला होता. त्याच विद्यापीठाच्या २०२४ च्या अभ्यासात ७७ दिवंगत हॉकीपटूंच्या मेंदूंची तपासणी झाली. त्यांतील निम्म्याहून अधिकांत सीटीई होता, आणि खेळलेल्या प्रत्येक वाढीव वर्षागणिक तो आढळण्याची शक्यता सुमारे ३४ टक्क्यांनी वाढत गेलेली दिसली. मात्र ज्यांना त्रास होता त्यांचीच कुटुंबे सहसा मेंदूदान करतात, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वाचावेत. सर्व हॉकीपटूंपैकी निम्म्यांना हा आजार होतो, असा त्यांचा अर्थ मुळीच नाही.

या बाबतीत टॉड युएनचे प्रकरण मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. तो अनेक वर्षे एन्फोर्सर होता. निवृत्तीनंतर विस्मरण आणि नैराश्य यांनी त्याला ग्रासले, आपल्याला सीटीई झाला आहे अशी त्याची खात्री झाली, आणि २०१५ मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याने जीवन संपवले. टोरोंटोतील तपासणीत आधी असे सांगितले गेले की सीटीई नव्हता. लीगच्या आयुक्तांनी त्या निष्कर्षाचा आधार घेऊन, अपुऱ्या माहितीवर भीती पसरवली जाते आहे असा युक्तिवाद केला. पुढे २०१८ मध्ये बॉस्टनच्या डॉ. ॲन मकी यांनी पुन्हा तपासणी केली आणि त्यांना सीटीई आढळला. या वादात कोण बरोबर ठरले यापेक्षा डॉक्टर म्हणून मला दुसरीच गोष्ट बोचते. त्या माणसाला जिवंतपणी जे होत होते, त्यातले नैराश्य हे उपचार करता येण्याजोगे होते. मेंदूत टाऊ साचलेले असो वा नसो, औषधे, समुपदेशन, झोपेची घडी बसवणे आणि व्यसनावर उपचार यांनी अशा रुग्णाला बरे वाटू शकते. आपल्याला असाध्य रोग झाला आहे आणि आता सगळे संपले, असे जेव्हा माणूस धरून चालतो, तेव्हा तो दवाखान्याची पायरीच चढत नाही. म्हणून खेळाडूंना आणि त्यांच्या घरच्यांना हे ठामपणे सांगितले पाहिजे की निदानाची वाट न पाहता लक्षणांवर उपचार सुरू करता येतात.

तुमच्या प्रश्नातला दुसरा पर्याय, म्हणजे कामाचे स्वरूप, मला निदान तितकाच वजनदार वाटतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९६७ नंतरच्या एनएचएल खेळाडूंपैकी पन्नास किंवा अधिक मारामाऱ्या केलेल्या ३३१ जणांची तुलना त्यांच्यासारख्याच, पण न लढणाऱ्या खेळाडूंशी केली गेली. मृतांची संख्या दोन्ही गटांत जवळपास सारखीच निघाली. फरक पडला तो वयात आणि कारणांत: लढणारे सरासरी दहा वर्षे लवकर गेले होते, आणि आत्महत्या, अमली पदार्थांचा अतिरेक आणि वाहन अपघात ही कारणे त्यांच्या गटात अधिक दिसली. मृतांचे आकडे लहान आहेत, त्यामुळे त्यांवर फार मोठा इमला बांधू नये. पण हे मृत्यू केवळ मेंदूच्या झिजेचे नाहीत. त्यांत झोप न लागणे, वेदना, गोळ्या, दारू आणि एकटेपणा हे सारे मिसळलेले आहे.

एक साधी गोष्ट विचारात घ्या. समोरच्याच्या हेल्मेटवर मोकळ्या मुठी आदळून बोटांची हाडे मोडतात, सांधे सुजतात, आणि ती बरी व्हायच्या आत पुढची मारामारी येते. वेदना असह्य होते म्हणून गोळी घेतली जाते. ती ओपिऑइड, म्हणजे अफूसारख्या वेदनाशामकांच्या, वर्गातली असेल तर वेदनेबरोबर धास्तीही तात्पुरती शमते, आणि धास्ती हेच ज्याच्या कामाचे मुख्य दुखणे आहे त्याला तो आराम हवाहवासा वाटू लागतो. उद्याच्या सामन्यात कोण समोर आहे हे आदल्या रात्री माहीत असते, म्हणून झोप येत नाही, म्हणून आणखी एक गोळी. डोक्याला हादरा बसल्यानंतरच्या महिन्यांत नैराश्याची शक्यता तशीही वाढलेली असते. यातला कोणता धागा कोणत्या खेळाडूच्या बाबतीत निर्णायक ठरला, हे बाहेरून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे धागे एकमेकांना घट्ट करत जातात, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकतो.

हे वाचणाऱ्या कोणाच्याही मनात स्वतःच्या जिवाविषयी वाईट विचार येत असतील, तर त्यांनी भारतात १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर किंवा कॅनडात ९८८ वर आजच बोलावे.

मधली_फळी यांचे उत्तर:

वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली. २०११ सालच्या त्या बातम्या मीही जड मनाने वाचल्या होत्या. तरीही बंदीच्या बाजूने मी नाही, आणि त्याची कारणे मांडतो.

आइस हॉकी हा ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेगाने, भिंतींनी बंदिस्त जागेत, हातात काठी घेऊन खेळला जाणारा खेळ आहे. पाठीमागून भिंतीवर ढकलणे, कोपराने डोक्यावर मारणे, काठीने घोट्यावर फटका देणे यांपैकी कित्येक गोष्टी पंचांच्या नजरेतून सुटतात. असे करणाऱ्याला लगेच समोरासमोर जाब द्यावा लागतो या भीतीने हे प्रकार आटोक्यात राहतात, असे स्वतः खेळाडूच सांगत आले आहेत, आणि त्यांची मते घेतली गेली तेव्हा जवळजवळ सर्वांनीच मारामारीवर बंदी नको असे सांगितले. ज्यांच्या जिवाचा प्रश्न आहे त्यांचे म्हणणे आपण आरामखुर्चीत बसून कसे मोडीत काढायचे?

शिवाय केवळ मारामारीसाठी ठेवलेला खेळाडू आज जवळजवळ राहिलेलाच नाही. २००८-०९ च्या हंगामात सातशेहून अधिक मारामाऱ्या झाल्या होत्या. दहा वर्षांनी तो आकडा तीनशेच्या आत आला. बंदी न घालता हे घडले, कारण खेळ वेगवान झाला आणि ज्याला स्केटिंग येत नाही त्याला संघात ठेवणे परवडेनासे झाले. लीग आणि खेळाडूंची संघटना यांचा संयुक्त मदत कार्यक्रमही १९९६ पासून चालू आहे. रॉबिन लेनरने आपल्या बायपोलर आजाराविषयी आणि व्यसनाविषयी उघडपणे लिहिले आणि पुढच्याच हंगामात चिकाटीसाठी दिला जाणारा मास्टरटन पुरस्कार मिळवला. केरी प्राइस, पॅट्रिक लाइने असे मोठे खेळाडू जाहीरपणे रजा घेऊन उपचारांना गेले आणि कोणी त्यांना दुबळे म्हटले नाही. वातावरण बदलते आहे, हे मान्य करायला हवे.

अल्बर्टाकर यांचे उत्तर:

मधली_फळी, मारामाऱ्या घटल्या हे तुमचे म्हणणे पूर्णपणे खरे आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. मात्र त्यांच्या घटण्याने तुमच्या पहिल्या मुद्द्याला बाधा येते. जाब विचारणारे कमी झाले की भिंतीवरचे हल्ले वाढायला हवे होते, आणि खेळ अधिक असुरक्षित झाला असे आज कोणीच म्हणत नाही. ऑलिंपिकचा कोणताही अंतिम सामना पाहा. तिथे जाब विचारणारा कोणी नसतो आणि तरी काठ्यांचा सुळसुळाट दिसत नाही.

तुम्ही दिलेली तीन नावे मी पुन्हा पुन्हा वाचली. लेनर आणि प्राइस हे गोलरक्षक, लाइने हा गोल करणारा, आणि तिघेही प्रस्थापित. त्यांनी बोलण्याचे धैर्य दाखवले याचे मोल मी तिळमात्र कमी करत नाही. परंतु एक वर्षाच्या करारावर, चौथ्या फळीत, आज संघात आणि उद्या खालच्या लीगमध्ये असलेल्या खेळाडूने प्रशिक्षकाला जाऊन सांगायचे की मला रात्रभर झोप लागत नाही, समोरच्याशी लढायची भीती वाटते, हे कसे घडणार? त्याची भीती वाटणे हेच त्याच्या नोकरीवरून काढले जाण्याचे कारण असते. मदतीचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावलेला असला तरी तो फिरवणाऱ्याचे काम जाणार असेल, तर त्या क्रमांकाचा उपयोग मर्यादितच राहतो. खेळाडू बंदी नको म्हणतात, त्या मतालाही मी याच नजरेने पाहतो. ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसलेल्या सहकाऱ्याचे पोट ज्यावर चालते, ते बंद करा असे सांगायला किती जण धजावतील?

आणि हे काम संपलेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये रेंजर्सच्या मॅट रेम्पी या सहा फूट सात-आठ इंच उंचीच्या तरुणाने आपला पहिला एनएचएल सामना खेळला, तोही खुल्या स्टेडियममध्ये, हजारो प्रेक्षकांसमोर. बर्फावर उतरताच त्याने पहिल्याच पाळीत मॅट मार्टिनशी मारामारी केली आणि पुढच्या काही आठवड्यांत आणखी कितीतरी. प्रेक्षकांनी त्याचे नाव घेऊन स्टेडियम डोक्यावर घेतले. तो तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याच संघाची जर्सी घालून, तेवढ्याच उंचीचा बूगार्ड तेरा-चौदा वर्षांपूर्वी त्याच कामासाठी उतरला होता, आणि त्या सामन्यांचे वर्णन ऐकताना एकाही समालोचकाने ते नाव घेतल्याचे माझ्या कानावर आले नाही. रेम्पी चांगला खेळाडू व्हावा, त्याला भरपूर वेळ बर्फावर मिळावा आणि त्याच्या मुठींवाचून त्याचे चालावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बाकावरचा यांचे उत्तर:

हिमरेषाताई, मी ऑन्टारियोतच मुलांच्या एका संघाचा ट्रेनर म्हणून स्वयंसेवेने काम करतो, म्हणजे बाकावर बसून दुखापती पाहणारा माणूस. मोठ्यांच्या लीगविषयी वर भरपूर आले आहे, म्हणून मी तुमच्या मुलाच्या पुढच्या चार-पाच वर्षांपुरते लिहितो.

बारा वर्षांच्या मुलाच्या हॉकीत मारामारीला कोणतीही सवलत नाही. मुले कधीमधी एकमेकांच्या अंगावर जातात, पण त्यांना सामन्यातून बाहेर काढले जाते आणि पुढच्या सामन्यांवरही बंदी येते. या वयात खरी काळजी घ्यायची ती अंगाने दिलेल्या धडकेची. हॉकी कॅनडाने २०१३ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या गटातून अशी धडक देणे बंद केले. त्यामागे कॅल्गरी विद्यापीठातील संशोधन होते. त्यात, ज्या अल्बर्टात या वयाला धडक देणे चालत होते तिथल्या मुलांना, ते न चालणाऱ्या क्वेबेकच्या मुलांच्या तुलनेत, डोक्याला हादरा बसण्याचा धोका तिपटीहून अधिक असल्याचे दिसले होते. आता धडक सुरू होते ती तेरा-चौदा वर्षांच्या गटापासून, आणि तीही स्पर्धात्मक संघांत. आमच्याकडच्या हाउस लीगमध्ये, म्हणजे स्थानिक हौशी संघांत, ती पुढेही नसते. म्हणजे हॉकी सोडायची की धडका खायच्या, एवढाच पर्याय तुमच्यासमोर नाही. हाउस लीगमध्ये राहून तो सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत आनंदाने खेळू शकतो.

पुढे ज्युनिअर हॉकीचे चित्रही बदलले आहे. जानेवारी २००९ मध्ये ऑन्टारियोच्या सीनिअर हॉकीत डॉन सँडरसन हा एकवीस वर्षांचा खेळाडू, मारामारीत हेल्मेट निघून डोके बर्फावर आपटल्यामुळे, तीन आठवड्यांनी मरण पावला. त्यानंतर ऑन्टारियो हॉकी लीगने हेल्मेट काढण्याविरुद्ध नियम केला, २०१२ मध्ये हंगामात दहापेक्षा अधिक मारामाऱ्या करणाऱ्याला निलंबित करण्याचा नियम आणला, आणि २०१६ मध्ये ती मर्यादा तीनवर आणली. क्वेबेकच्या ज्युनिअर लीगने २०२३ मध्ये मारामारी करणाऱ्याला थेट सामन्याबाहेर काढायला सुरुवात केली. महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये मारामारीला जागाच दिलेली नाही आणि तिच्या सामन्यांना गर्दी होते. तुमच्या मुलाला ते सामने अवश्य दाखवा.

निरामय यांनी जे लिहिले आहे त्याला बाकावरून एक जोड देतो. ऑन्टारियोत २०१८ मध्ये रोवनचा कायदा झाला. रोवन स्ट्रिंजर ही सतरा वर्षांची ओटावाची मुलगी २०१३ मध्ये रग्बी खेळताना डोक्याला पाठोपाठ बसलेल्या हादऱ्यांमुळे गेली. आधीचा हादरा बसल्यावर ती खेळायची थांबली नव्हती. या कायद्यानुसार हादऱ्याचा संशय जरी आला तरी मुलाला ताबडतोब खेळातून काढावे लागते आणि डॉक्टरने किंवा नर्स प्रॅक्टिशनरने लेखी परवानगी दिल्याशिवाय पूर्ण खेळात परत घेता येत नाही. नोंदणीच्या वेळी पालकांनी आणि मुलांनी माहितीपत्रक वाचल्याचे मान्य करायचे असते. पुष्कळ पालक ते न वाचताच खूण करतात. माझ्या अनुभवात मुले डोकेदुखी लपवतात ती पुढचा सामना चुकू नये म्हणून, आणि हादऱ्यानंतर घरी बसलेले मूल चिडचिडे, रडवेले किंवा अगदी गप्प झाले तर पालक त्याला हट्टीपणा समजतात. तो दुखापतीचाच भाग असू शकतो आणि तोही डॉक्टरांना सांगायचा असतो. आमच्या संघात हादरा बसलेल्या मुलाला मी सरावाच्या वेळी ट्रॅकसूट घालून बाकावर माझ्याशेजारी बसवतो, डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर बाटल्या भरायला आणि पक गोळा करायला लावतो. संघापासून तोडलेले मूल सर्वांत लवकर कोमेजते असे मी पाहिले आहे, आणि दुखावलेल्या एन्फोर्सरनाही नेमके तेच भोगावे लागले होते: संघ दौऱ्यावर आणि हा घरी, पडदे लावून एकटा.

सप्टेंबरमध्ये नव्या हंगामाची पालकसभा होईल तेव्हा प्रशिक्षकाला दोन गोष्टी सर्वांसमोर विचारा: डोक्याला मार बसल्याचा संशय आला तर मुलाला बाहेर काढण्याचा शेवटचा निर्णय कोणाचा, आणि परत घेण्याआधी कोणते कागद लागतात. बाहेर काढण्याचा निर्णय ट्रेनरचा आहे आणि त्यावर प्रशिक्षकाचे काही चालत नाही, असे उत्तर तिथल्या तिथे मिळायला हवे. ते मिळाले नाही, तर क्लबच्या कार्यकारिणीला लेखी विचारा.